खलिते वाचणारे मोघे मास्साब

चि. मीरा आणि चि. निखिल,

तुमचं पत्र पोचलं. मीराने लिहिलं आहे की शाळेत एका कवितेवर लिहायला दिलं होतं, तिने तिला दिसलं ते लिहिलं आणि बाईंनी गुण कापले. ती विचारते, "तर आजी, पुढच्या वेळी बाईंना हवं ते लिहू की मला दिसतं ते?" त्याखाली निखिलने लिहिलं आहे, "बाईंना हवं ते. यात विचारायचं काय?"

मी आयुष्यभर इंग्रजी शिकवलं, तेव्हा हे उत्तर मला यायला हवं होतं. दोनदा लिहायला बसले आणि दोन्ही कागद फाडले. हाच प्रश्न माझ्या देखत एका मुलीने आमच्या मास्तरांना विचारला होता. त्यांनी उत्तर दिलं होतं, अगदी ठाम. पुढे काय झालं ते पाहिलेली, माझ्या माहितीत तरी, आता मी एकटीच उरले आहे. गेल्या महिन्यात डाव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, उजव्याचं व्हायचं आहे. तोवर हे लिहून ठेवते. अक्षर लागलं नाही तर आई वाचून दाखवील.

ग्वाल्हेरला तेव्हा महाराजांचं राज्य होतं. आम्ही लष्कर भागात राहायचो आणि मुलींचं हायस्कूलही तिथेच होतं. मॅट्रिकच्या वर्गात आम्ही नऊ जणी. निम्म्या पडदा लावलेल्या टांग्यातून येत. घरी मराठी, रस्त्यावर हिंदी आणि वर्गात इंग्रजी, असा आमचा दिवस जायचा. तिकडे मास्टरसाहेबांना सगळेच 'मास्साब' म्हणत, म्हणून आम्हीही म्हणत असू. मोघे मास्साब आम्हाला इंग्रजीचे गद्य-पद्य वेचे शिकवायला आले तेव्हा पन्नाशीच्या पुढे होते. बंद गळ्याचा काळा कोट, धोतर, डोक्याला काळी टोपी. वरच्या खिशात एका टोकाला लाल आणि दुसऱ्या टोकाला निळी अशी कचेरीतली पेन्सिल.

ते मुळात शिक्षक नव्हते. वीस वर्षं त्यांनी दरबारच्या कचेरीत काम केलं होतं. रेसिडेन्सीतून इंग्रज साहेबांचे खलिते येत, ते वाचून मराठीत गोषवारा करायचा आणि वर पाठवायचा, हे त्यांचं काम. पुढे कचेरीत नवे बी. ए. झालेले तरुण आले आणि यांना शाळेत पाठवण्यात आलं. ही बढती होती की शिक्षा, ते त्यांनी कधी सांगितलं नाही.

पहिल्या दिवशी त्यांनी पुस्तक उघडलंच नाही. म्हणाले, "एक गोष्ट सांगतो. एकदा साहेबांचं पत्र आलं. नव्या पुलाची तारीफ, रस्त्याची तारीफ, दवाखान्याची तारीफ. कचेरीत सगळे खूश, पेढे आणायला माणूस गेला. मी गोषवाऱ्याखाली एक ओळ लिहिली: ज्या अधिकाऱ्यांनी हे सगळं बांधलं, त्यांचं नाव पत्रात कुठेही नाही. तीन महिन्यांत ते अधिकारी घरी बसले." मग आमच्याकडे वळून म्हणाले, "कविता हा खलिताच आहे. चार गोष्टी विचारायच्या. कोण लिहितंय? कोणाला? आजच का? आणि काय लिहायचं टाळलंय?"

आम्ही एकमेकींकडे बघितलं. आधीच्या बाई कवितेचा सोपा अर्थ सांगत, आम्ही तो उतरवून घेत असू आणि शेवटी 'ही कविता फार सुंदर आहे' असं लिहीत असू. मास्साबांनी 'सुंदर' हा शब्द वर्गातून काढूनच टाकला. कोणाच्या तोंडून गेलाच तर म्हणत, "पत्राला कोणी सुंदर म्हणतं का, बेटा? त्यात काय आहे ते सांग."

त्यांची वाचायची रीत ठरलेली होती. पहिलं वाचन हात मांडीवर ठेवून. दुसऱ्या वाचनाला निळी पेन्सिल: जे लिहिलं आहे त्याखाली रेघ. तिसऱ्याला लाल: जिथे कवी काही बोलायचं टाळतो आहे असं वाटेल, तिथे समासात एक ठिपका. ठिपका दिला की पुरावा द्यावा लागे. "कशावरून?" हा त्यांचा रोजचा शब्द. थंडीच्या दिवसांत कोटाच्या खिशात गजकाची, म्हणजे तिकडच्या खुसखुशीत तिळाच्या वडीची, पुडी असे. पक्का पुरावा देणारीला एक तुकडा मिळे. कच्च्या पुराव्याला ते स्वतः खात आणि म्हणत, "हा सरकारजमा."

हसताना मी त्यांना फार थोड्या वेळा पाहिलं. एकदा समुद्रावरची कविता होती. आमच्या नऊ जणींपैकी एकीनेही समुद्र पाहिलेला नव्हता. आमच्यातल्या मालतीने विचारलं, "मास्साब, तुम्ही बघितलाय ना? कसा असतो?"

"मीही नाही बघितला," ते म्हणाले. "मुंबईस एकदा गेलो होतो, पण कचेरीच्या कामाने. कागद दिले आणि परत."

"हाय राम! मग शिकवणार कसा?"

"कवीने जेवढा दिलाय तेवढाच समुद्र आपला. बाकीचा त्याच्याकडे राहू दे."

त्या दिवशी ते हसले होते. आम्ही त्या बारा ओळींतून समुद्र काढला. पुढे मी खरा समुद्र पाहिला तेव्हा तो मला थोडा जास्तच वाटला.

वर्गात सगळ्यात जास्त गजक इंदू पवारच्या वाट्याला जाई. तिचे वडील महाराजांच्या रिसाल्यात रिसालदार होते. त्यांचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या घोड्यावर. त्या घरातून मॅट्रिकपर्यंत आलेली ही पहिली मुलगी. तिचं इंग्रजी माझ्याइतकं शुद्ध नव्हतं. क्रियापदं चुकत, ती सुधारून देण्याचं काम माझं. पण वाचायला बसली की आम्हा बाकीच्यांना दिसायचं नाही ते तिला दिसायचं. तिच्या घरी एक गोष्ट ठरलेली होती आणि ती आम्हा सगळ्यांना माहीत होती. पहिल्या खेपेला मॅट्रिक झाली तर पुढे कॉलेज. नाही झाली तर आलेलं स्थळ नक्की.

परीक्षेला लावलेल्या कवितांत एक अशी होती: बंदरावर एक बाप मुलाला जहाजावर पोचवायला आला आहे. तीन कडवी तो मुलाला सूचना देतो. दोर कसे बांधायचे, दिव्यात तेल किती ठेवायचं, लोकरीची टोपी विसरू नकोस. शेवटच्या कडव्यात तो पाण्यावरचे पक्षी बघत उभा राहतो, आणि संपली. पाटणकर बाजारात एका दुकानात या पुस्तकाची 'की' मिळायची, म्हणजे तयार उत्तरांचं पुस्तक. त्यात लिहिलं होतं की ही कविता खलाशांच्या शौर्याचा गौरव करते आणि आपल्याला कर्तव्याची शिकवण देते. वर्गात की आणायला मनाई होती. सापडली तर मास्साब ती घेऊन, दोऱ्याने बांधून कपाटात ठेवत आणि म्हणत, "परीक्षा झाली की घेऊन जा."

त्या कवितेचं तिसरं वाचन झालं तेव्हा इंदूच्या पुस्तकात जवळजवळ प्रत्येक ओळीसमोर लाल ठिपका होता.

"एवढे ठिपके? कशावरून?" मास्साबांनी विचारलं.

इंदू उभी राहिली. "मास्साब, हा बाप घाबरलेला आहे. शूर वगैरे काही नाही. आमचे आबासाहेब छावणीवर निघाले की घोड्याच्या दाण्याबद्दल बोलतात. नाल बघितली का, पाणी दाखवलं का. आईकडे बघतसुद्धा नाहीत. हा माणूस दोर, तेल, टोपी सगळं बोलतो, पण तीन कडव्यांत पोराचं नाव एकदाही घेत नाही. नाव घेतलं तर रडू येईल त्याला."

मास्साबांनी खिशातून पुडी काढली आणि सबंध तिच्या बाकावर ठेवली. फळ्याकडे तोंड करून बराच वेळ पुसलेला फळाच पुसत राहिले.

परीक्षेला दोन आठवडे राहिले होते. तास संपला आणि इंदू जागची उठली नाही. मी तिच्या शेजारीच होते. तिने विचारलं, "मास्साब, पेपर तपासणाऱ्याने की वाचलेली असली तर? 'की'मधलं लिहू की आपलं?"

मास्साबांनी चष्मा काढला, उपरण्याने पुसला, परत लावला. त्यांना तिच्या घरचं माहीत होतं. सगळ्यांना होतं.

"आपलं लिही," ते म्हणाले. "वीस वर्षं खलिते वाचले मी. पुराव्यानिशी अर्थ काढणाऱ्याला कोणी खोटं पाडलं नाही."

त्या वेळी मला हे वाक्य फार मोठं वाटलं होतं. पुढे स्वतः पेपर तपासायला लागले तेव्हा त्यातली चूक समजली. दरबारच्या कचेरीत एकेक पत्र चार माणसं चार वेळा वाचत, कारण एका शब्दावर नोकऱ्या आणि राज्याची अब्रू अवलंबून असे. मास्साबांचा समज असा झाला होता की कागदाच्या पलीकडे बसलेला प्रत्येक माणूस तसाच वाचतो. दुपारच्या उन्हात शंभर पेपरांचा गठ्ठा पुढ्यात घेऊन बसलेला माणूस त्यांनी कधी पाहिलाच नव्हता.

आता माझं सांगते, थोडक्यात. माझ्या दादाने मला पाटणकर बाजारातून की आणून दिली होती. "रटून टाक. मास्साबच्या भरोशावर राहिलीस तर गेलीस कामातून," तो म्हणाला. मी रटली. पेपरात ती बंदरावरचीच कविता आली. मी शौर्याचा गौरव आणि कर्तव्याची शिकवण लिहिली, शुद्ध इंग्रजीत, एकही क्रियापद न चुकता.

निकाल लागला. मी पास झाले, चांगल्या गुणांनी. इंदू बाकी सगळ्या विषयांत पास होती. इंग्रजीत राहिली, थोडक्याने.

मास्साबांनी परीक्षा मंडळाकडे अर्ज केला. इतक्या वर्षांत दरबारासाठी लिहिलं नसेल इतकं जपून त्यांनी ते पत्र लिहिलं. चार पानं, प्रत्येक विधानाला पुरावा. उत्तर दोन ओळींचं आलं: फेरतपासणीची तरतूद नाही. त्यांनी तो कागद मला दाखवला. म्हणाले, "बघ, यात टाळायलासुद्धा काही नाही."

मग एका सकाळी ते आमच्या घरी आले आणि माझ्या वडिलांना म्हणाले, "रिसालदारांकडे जायचंय. मुलीच्या विषयावर बोलायचं तर बरोबर मुलगी असलेली बरी. हिला नेऊ का?" आम्ही टांग्यातून गेलो. रिसालदार ओसरीवर होते. मला आत पाठवलं. इंदू आणि मी दाराच्या आड उभ्या राहिलो.

"रिसालदारसाहेब, नापास मी झालोय, ती नाही," मास्साब म्हणाले. "तिने विचारलं होतं. मी सांगितलं तसं तिने लिहिलं."

"मास्साब, फौजेत असं असतं," रिसालदार शांतपणे म्हणाले. "हुकूम एकाचा, जखम दुसऱ्याला. आपण वाईट वाटून घेऊ नका."

"एक वर्ष द्या. पुढच्या परीक्षेला मी तिच्याकडून की पाठ करून घेईन. अक्षरन्‌अक्षर."

हे मोघे मास्साब म्हणत होते.

रिसालदार म्हणाले, "तिने लिहिलं काय होतं? मला इंग्रजी येत नाही, पण ऐकू तरी द्या."

मास्साबांनी सांगितलं. बंदर, बाप, दोर, तेल, टोपी. तीन कडवी आणि मुलाचं नाव नाही. तो बाप घाबरलेला आहे आणि ते दिसू नये म्हणून बाकीचं सगळं बोलतो आहे. "हे तिला कशावरून समजलं, ते तिने वर्गात सांगितलं होतं," एवढंच ते शेवटी म्हणाले. कोणावरून, ते सांगितलं नाही.

मागच्या अंगणात कबुतरं घुमत होती. मग रिसालदारांचा खाकरण्याचा आवाज आला.

"मास्साब, टांगा बाहेर उभा आहे ना? ऊन फार आहे. घोड्याला पाणी दाखवलं का?"

इंदूने डोळे मिटून घेतले.

"मी सांगतो माणसाला," रिसालदार उठत म्हणाले. दोन पायऱ्या उतरून, पाठमोरेच म्हणाले, "जबान देऊन बसलोय मी, मास्साब. ज्येष्ठातली तारीख निघाली आहे. आता मागे येता येत नाही."

परतताना टांग्यात मास्साबांनी मला विचारलं, "तू काय लिहिलं होतंस त्या प्रश्नाला?"

"आठवत नाही, मास्साब," मी म्हणाले.

ते रस्त्याकडे बघत राहिले. "कशावरून" त्यांनी विचारलं नाही.

इंदू लग्न होऊन उज्जैनकडे एका गावी गेली. तिची दोन पत्रं आली. दुसऱ्याला मी उत्तर लिहिलं नाही. कॉलेजात होते, आज लिहू, उद्या लिहू म्हणत राहिलं. पुढे तिचं काय झालं ते मला माहीत नाही.

बी. ए. झाल्यावर मी त्याच शाळेत धाकट्या वर्गांना शिकवायला लागले. मास्साबांचं शेवटचं वर्ष होतं ते. त्यांच्या वर्गावरून जाताना एकदा थांबले. ते मॅट्रिकच्या मुलींना उत्तरं सांगत होते आणि मुली लिहून घेत होत्या. कवी निसर्गाचे मनोहर वर्णन करतो, पूर्णविराम. कवी आपल्याला संदेश देतो, पूर्णविराम. आवाज सपाट, कोणी टपालाची यादी वाचावी तसा. ते संपल्यावर म्हणाले, "ही वही बंद करा. ही परीक्षेची. आता दुसरी काढा, वाचू या." मुलींनी दुसरी वही काढली, पण तासाची दहाच मिनिटं उरली होती. पहिलं वाचन होईतो घंटा झाली. मला वाटतं रोजच व्हायची. तरी त्यांनी प्रत्येक मुलीकडून दोन वह्या करवून घेतल्या होत्या.

माझं लग्न ठरलं आणि ग्वाल्हेर सुटणार हे नक्की झालं तेव्हा त्यांना भेटायला गेले. हजीरा भागात एका गल्लीत त्यांचं घर होतं. पौषातली सकाळ. ते अंगणात उन्हात बाजेवर बसले होते, अंगावर रजई. डोळ्यांत मोतीबिंदू. माझ्या पावलांकडे मान करून म्हणाले, "कोण?"

मी नाव सांगितलं. सुनेने चहा आणून दिला. सासर कुठलं, माणसं कशी, तिकडे शिकवू देतील का, सगळं त्यांनी रीतसर विचारलं. माझा चहा निवला. मग मी म्हणाले, "मास्साब, मी तेव्हा खोटं बोलले. मी 'की'मधलं लिहिलं होतं."

"माहीत आहे मला."

"कधीपासून?"

"निकालाच्या दिवसापासून. तुझे गुण बघितले तेव्हाच." थोडं थांबून म्हणाले, "बरं केलंस."

ते रागावले असते तर मला सोसलं असतं. ते खरंच तसं मानत होते. माझ्यासाठी त्यांना बरंच वाटत होतं. मी निवलेला चहा पिऊन टाकला.

त्यांनी सुनेला हाक मारून आतून कापडात बांधलेले काही कागद आणवले आणि माझ्या हातात दिले. म्हणाले, "लग्नाच्या आठ दिवस आधी रिसालदारांचा माणूस हे देऊन गेला. चिठ्ठी नव्हती. पेपरात लिहिलेलं सगळं उत्तर तिने आठवून पुन्हा लिहिलं आहे. मी तपासलं आहे. तू ठेव. तू शिकवणार आहेस, मुलींना दाखव." मी ते पिशवीत ठेवत असताना हळूच म्हणाले, "परीक्षा झाल्यावर."

निघताना मी दारातून वळून पाहिलं. ऊन बाजेवरून सरकलं होतं. ते उठले, चाचपडत बाजेचे पाय धरले आणि ती एकट्याने हातभर पुढे ओढली. सून धावत आली तोवर ते परत बसले होते, तोंड उन्हाकडे करून. पुढच्या वर्षी ते गेले. मला ते पत्राने कळलं.

शाळेची ती इमारत आता शाळा नाही. रिसालदारांचं घर पाडलं असं दादाने मागे लिहिलं होतं. की विकणारं दुकान मात्र दुकानदाराच्या नातवाने चालू ठेवलं होतं.

इंदूच्या कागदांची नक्कल मी माझ्या हाताने केली आहे, क्रियापदांच्या चुकांसकट, आणि या पत्राबरोबर पाठवते आहे. मूळ कागद माझ्या कपाटात वरच्या खणात आहेत. सात पानं आहेत. शाई तपकिरी झाली आहे, मास्साबांच्या पेन्सिलीच्या खुणा फिकट झाल्या आहेत. पण सातही पानं अजून वाचता येतात.

तुमची,
आजी